झोपेसाठी महिनाभर गुहेत राहिलेला शास्त्रज्ञ: नॅथॅनियल क्लाइटमन आणि ‘रेम’ झोपेचा शोध

माणूस आयुष्याचा साधारण एक तृतीयांश भाग झोपेत घालवतो. साठीला आलेल्या माणसाची जवळपास वीस वर्षं झोपेत गेलेली असतात. एवढ्या काळात शरीरात नेमकं काय चालतं, याबद्दल शंभर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांना फारच थोडं ठाऊक होतं, आणि ते शोधून काढावं असं वाटणारेही थोडेच होते. हृदय, पचन, मज्जातंतू यांच्यावर मोठमोठ्या प्रयोगशाळा चालत. झोप म्हणजे मात्र कामकाज थांबलेलं असणं. बंद दुकानात जाऊन बघायचं काय, असा एकंदर सूर होता.

या बंद दुकानाच्या दारात ठाण मांडून बसलेला माणूस म्हणजे नॅथॅनियल क्लाइटमन. सगळी कारकीर्द झोपेच्या अभ्यासाला वाहणारे ते पहिले शास्त्रज्ञ मानले जातात आणि ‘झोपेच्या संशोधनाचे जनक’ हे बिरुद त्यांच्या नावामागे कायमचं लागलं आहे. गंमत अशी, की ज्या शोधामुळे त्यांचं नाव जगभर झालं तो त्यांनी मुद्दाम शोधायला घेतला नव्हता. तो त्यांच्या एका विद्यार्थ्याच्या हाताला लागला, आणि झोपेबद्दलच्या त्यांच्या स्वतःच्या कल्पनेला तो सहज मानवणाराही नव्हता.

किशिनेव्ह ते शिकागो

क्लाइटमन यांचा जन्म २६ एप्रिल १८९५ चा, किशिनेव्ह शहरातल्या ज्यू कुटुंबातला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. आज ते मोल्दोव्हाची राजधानी आहे. नॅथॅनियल आठ वर्षांचा होत होता त्याच महिन्यात, एप्रिल १९०३ मध्ये, किशिनेव्हमध्ये ज्यूंची कत्तल झाली. ४९ माणसं मारली गेली, शेकडो घरं आणि दुकानं लुटली गेली. त्या प्रदेशातून पुढच्या काळात हजारो ज्यू तरुण बाहेर पडले, त्यांतलाच हा एक.

डॉक्टर व्हायचं म्हणून तो बैरुतला शिकायला गेला. पण १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. बैरुत ऑटोमन तुर्कांच्या ताब्यात आणि हा रशियाचा प्रजाजन, म्हणजे शत्रूच्या देशातला माणूस. तिथे राहणं शक्य नव्हतं. १९१५ मध्ये, विसाव्या वर्षी, खिशात काही नसताना तो न्यूयॉर्कला उतरला. तिथल्या सिटी कॉलेजातून पदवी, कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. आणि १९२३ मध्ये शिकागो विद्यापीठातून पीएच.डी., असं शिक्षण त्याने आठ वर्षांत पुरं केलं. प्रबंधाचा विषय होता झोप. शिकागोतच १९२५ मध्ये ते प्राध्यापकवर्गात दाखल झाले आणि निवृत्त होईपर्यंत तिथून हलले नाहीत.

प्रयोगाचं पहिलं जनावर म्हणजे स्वतः

झोप का येते, याबद्दल त्या वेळी एक कल्पना बरीच मान्य होती. जागेपणी शरीरात एक प्रकारचं विष साठत जातं, ते पुरेसं साठलं की माणूस झोपतो आणि झोपेत त्याचा निचरा होतो. ऐकायला पटण्यासारखी गोष्ट आहे. क्लाइटमन यांनी ती तपासायची ठरवली, आणि त्यासाठी सोपा रस्ता निवडला: स्वतः जागं राहायचं. विद्यार्थ्यांनाही त्यांनी जागं ठेवलं, पण स्वतःला वगळलं नाही. एका प्रयोगात तर ते सलग १८० तास, म्हणजे साडेसात दिवस जागे राहिले.

रात्रपाळी केलेल्या किंवा आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढलेल्या कुणालाही जे माहीत असतं, तेच या नोंदींत उतरलं. पहाटे तीन-चारला डोळे उघडे ठेवणं अशक्य होतं. पण तसंच रेटून नेलं तर सकाळी नऊ-दहाला पुन्हा तरतरी येते. विषच साठत असेल तर सकाळी ते जास्त असायला हवं, मग तरतरी येते कुठून? क्लाइटमन यांच्या लक्षात आलं, की झोपेची ही भरती-ओहोटी शरीराच्या तापमानाबरोबर चालते. तापमान दिवसा थोडं चढतं, पहाटे सगळ्यांत खाली असतं. म्हणजे माणूस किती वेळ जागा आहे एवढ्यावर सगळं ठरत नाही. घड्याळात किती वाजले आहेत, हेही तितकंच महत्त्वाचं.

मग पुढचा प्रश्न. हे २४ तासांचं चक्र शरीराचं स्वतःचं, की सूर्य उगवतो-मावळतो म्हणून शरीराला लागलेली सवय? सूर्यच दिसणार नाही अशा जागी जाऊन राहिल्याशिवाय याचं उत्तर मिळणार नव्हतं.

४ जून १९३८ रोजी क्लाइटमन आणि त्यांचे तरुण विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या अवाढव्य गुहेत राहायला गेले. आत कायमचा अंधार, आवाज नाही, आणि तापमान बाराही महिने साधारण १२ अंश सेल्सिअस. तिथे खाटा, टेबल-खुर्च्या आणि दिवे नेले होते. उंदीर अंथरुणात चढू नयेत म्हणून खाटांचे पाय डब्यांत ठेवले होते. दोघांनी २४ ऐवजी २८ तासांचा ‘दिवस’ पाळायचा, असं ठरलं: नऊ तास झोप, दहा तास काम, नऊ तास मोकळे. असा हिशेब केला की सात दिवसांच्या आठवड्यात बरोबर सहा ‘दिवस’ बसतात. ठरल्या वेळी दोघंही आपलं तापमान मोजून लिहून ठेवत.

३२ दिवसांनी दाढी वाढलेल्या अवस्थेत दोघं बाहेर आले, तेव्हा वार्ताहर आणि कॅमेरेवाले वाट बघत होते. झोपेच्या प्रयोगाला एवढी प्रसिद्धी आधी कधीच मिळाली नव्हती. निकाल मात्र बातमीला सोयीचा नव्हता. विशीतल्या रिचर्डसन यांचं शरीर २८ तासांच्या चक्राला रुळलं. त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमन यांचं शरीर काही केल्या रुळलं नाही. गुहेतही ते २४ तासांनीच चाललं. दोन माणसं आणि दोन उत्तरं. क्लाइटमन यांचा स्वतःचा कल हे चक्र जन्मानंतर अंगवळणी पडतं असं मानण्याकडे होता. पुढच्या पिढीच्या संशोधनाने ते चूक ठरवलं: शरीरात जन्मजात घड्याळ असतं आणि प्रकाश ते रोज जुळवून देतो. गुहेत दिवे लावून बसल्याने प्रयोगावर काय परिणाम होऊ शकतो, हे १९३८ मध्ये कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी, १९३९ मध्ये, त्यांचं ‘स्लीप अँड वेकफुलनेस’ हे पुस्तक आलं. झोपेवर तोवर जगात जे काही छापलं गेलं होतं ते त्यांनी चाळून एकत्र आणलं होतं. १९४८ मध्ये खलाशांच्या पाळ्यांचा अभ्यास करायला ते अमेरिकी नौदलाच्या पाणबुडीत जाऊन राहिले. उन्हाळ्यात मध्यरात्रीही सूर्य मावळत नाही अशा उत्तर नॉर्वेत ते बायको-मुलींना घेऊन गेले. घरच्या मुलींच्या झोपेच्या नोंदीही त्यांच्या वह्यांत होत्याच.

या सगळ्यातून झोपेबद्दलचं त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. त्यांच्या दृष्टीने खरं कोडं झोपेचं नव्हतं, जागेपणाचं होतं. बाहेरून आणि शरीरातून येणाऱ्या संवेदना मेंदूला जागं ठेवतात. त्या ओसरल्या की मेंदू निवांत होतो, आणि त्यालाच आपण झोप म्हणतो. या चित्रात झोपलेला मेंदू स्वतःहून काही उद्योग करेल, याला फारशी जागा नव्हती.

पापण्या मोजायचं काम

युजीन ॲसेरिन्स्की क्लाइटमन यांच्याकडे आले तेव्हा वयाच्या तिशीला टेकलेले होते. लग्न झालेलं, पदरी मूल, आणि पैशाची कायम ओढाताण. दंतवैद्यकाचं शिक्षण त्यांनी अर्धवट सोडलं होतं, युद्धात सैन्यात स्फोटकं हाताळली होती, आणि हातात साधी पदवीसुद्धा नव्हती. शिकागो विद्यापीठाने त्यांना तरीही घेतलं. झोपेत त्यांना विशेष रस नव्हता. विभागात झोपेवर काम करणारे क्लाइटमन होते, एवढंच.

क्लाइटमन यांनी त्यांना काम दिलं ते तान्ह्या बाळांच्या पापण्या बघत बसायचं. डोळा लागताना पापण्यांची उघडझाप हळूहळू कमी होते की एकदम थांबते, हे पाहायचं होतं. कंटाळवाणं काम. ॲसेरिन्स्की महिनोन्महिने पाळण्यांपाशी बसले. पापण्यांबद्दल फारसं काही हाती लागलं नाही, पण दुसरंच काही दिसलं: झोपलेल्या बाळाची मिटल्या पापण्यांखालची बुबुळं मधूनच हलू लागतात, मग थांबतात, आणि ठरावीक अंतराने पुन्हा हलतात. (झोपेत गालातल्या गालात हसणाऱ्या बाळाला सटवाई हसवते, असं आपल्याकडे आजी सांगते. ते हसू बहुतेकदा याच झोपेतलं असतं. नवजात बाळाची निम्मी झोप अशी असते.)

मोठ्या माणसांचं काय? ॲसेरिन्स्कींना विद्यापीठाच्या तळघरात मेंदूचे विद्युत्-तरंग नोंदवणारं एक जुनाट, टाकून दिलेलं यंत्र सापडलं. डोक्याला आणि डोळ्यांच्या कडेला तारा चिकटवायच्या, त्या यंत्राला जोडायच्या, आणि सरकत्या कागदावर शाईच्या पेनांनी रेघा उमटताना बघायच्या. बुबुळाची पुढची बाजू मागच्या बाजूच्या तुलनेत किंचित धनभारित असते, म्हणजे डोळा हा छोटासा बॅटरीचा सेलच. तो फिरला की शेजारच्या तारेत फरक पडतो आणि पेन हलतं. मिटलेल्या डोळ्यांची हालचालही अशी टिपता येते.

डिसेंबर १९५१ मध्ये त्यांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाला प्रयोगशाळेत झोपवलं आणि स्वतः शेजारच्या खोलीत यंत्रापाशी बसले. बराच वेळ रेघा शांत होत्या. मग अचानक डोळ्यांची पेनं जोरात फिरायला लागली, आणि मेंदूच्या रेघाही जाग्या माणसासारख्या दिसू लागल्या. मुलगा उठला असणार असं समजून ॲसेरिन्स्की खोलीत गेले. मुलगा गाढ झोपलेला होता.

यंत्र बिघडलंय, हा पहिला संशय. यंत्र जुनं होतं, त्यामुळे तो रास्तही होता. महिनोन्महिने ॲसेरिन्स्की तारा, जोडण्या, पेनं तपासत राहिले. रात्रभराच्या नोंदीला जवळजवळ अर्धा मैल कागद लागायचा. इथेच आधीचे संशोधक का चुकले, ते कळतं. मेंदूच्या तरंगांवरून झोपेच्या पायऱ्या १९३७ मध्येच ठरवून झाल्या होत्या. पण या विशिष्ट वेळी मेंदूचा आलेख हलक्या झोपेसारखा दिसतो, त्यामुळे तो वेगळा म्हणून कुणाच्या नजरेत भरला नाही. डोळ्यांची नोंद कुणी घेत नव्हतं, आणि कागद वाचवण्यासाठी अनेक जण रात्रीतून थोडा-थोडा वेळच यंत्र चालवत.

क्लाइटमन यांची खात्री पटणं ही पुढची पायरी होती, आणि ती सोपी नव्हती. वीस-पंचवीस वर्षांच्या कामावर उभं राहिलेलं नाव एका जुन्या यंत्राच्या भरवशावर पणाला लावायचं होतं; शिवाय निष्कर्ष खरा असेल तर झोप म्हणजे मेंदूचा निवांतपणा, या त्यांच्याच मांडणीला तडा जात होता. त्यांनी विद्यार्थ्याला हाकलून दिलं नाही आणि लगेच मानही डोलावली नाही. स्वतःच्या मुलीला तारा लावून झोपवलं आणि जातीने नोंदी पाहिल्या. मुलीचे डोळेही तसेच हलले. मगच निबंध छापायला गेला.

‘सायन्स’ साप्ताहिकाच्या ४ सप्टेंबर १९५३ च्या अंकात तो आला. जेमतेम दोन पानांचा. ॲसेरिन्स्कींचं नाव आधी, क्लाइटमन यांचं नंतर. डोळे हलत असताना झोपलेल्यांना २७ वेळा उठवलं, तेव्हा २० वेळा त्यांनी तपशीलवार स्वप्न सांगितलं. डोळे स्थिर असताना २३ वेळा उठवलं, तेव्हा १९ वेळा काहीच आठवलं नाही. डोळे हलत असताना श्वास आणि नाडीही वाढलेली होती. तोवर स्वप्न म्हणजे उठल्यावर माणूस सांगेल तेवढंच. आता स्वप्न चालू असण्याची शक्यता बाहेरून, कागदावर दिसू लागली.

‘रॅपिड आय मूव्हमेंट’, म्हणजे डोळ्यांची जलद हालचाल, या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून या झोपेला पुढे ‘रेम’ नाव पडलं. ॲसेरिन्स्की तोवर शिकागो सोडून गेले होते. पोटापाण्यासाठी त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात नोकरी धरली, आणि काम होतं विजेच्या प्रवाहाचा सॅमन माशांवर होणारा परिणाम तपासण्याचं. शोध लावणारा माणूस शोधाच्या पहिल्याच बहरात त्या क्षेत्राबाहेर गेला, आणि श्रेयाचा मोठा वाटा साहजिकच शिकागोत राहिलेल्यांकडे आला. उतारवयात लिहिलेल्या आठवणींत ॲसेरिन्स्कींनी आपली बाजू मांडली आहे. निबंधावर पहिलं नाव ज्याचं त्याचंच राहू दिलं, हे मात्र क्लाइटमन यांच्या बाजूने नोंदवायला हवं. तेव्हाच्या विद्यापीठांत तेही गृहीत धरता येत नसे.

स्वप्नाची लांबी मोजली

पुढचं काम क्लाइटमन यांनी विल्यम डिमेंट या वैद्यकाच्या विद्यार्थ्याबरोबर केलं. डिमेंट यांना फ्रॉइडच्या सिद्धांतांची ओढ होती. क्लाइटमन यांना स्वप्नांच्या अर्थांत काडीचा रस नव्हता, ते मोजता येईल तेवढंच बघत. या जोडीने १९५७ मध्ये जे छापलं त्यावर आजचं झोपेचं शास्त्र उभं आहे.

झोप रात्रभर एकसारखी नसते, हे त्यांनी दाखवलं. साधारण दीड-दीड तासाचं एक चक्र चालतं: हलकी झोप, गाढ झोप, पुन्हा हलकी, मग रेम. अशी चार-पाच चक्रं होतात. पहिलं रेम जेमतेम दहा मिनिटांचं असतं, शेवटची अर्ध्या तासाच्या पुढे जातात. म्हणजे स्वप्नांचा मोठा भाग पहाटे, साखरझोपेत येतो, आणि त्यातूनच जाग आल्यामुळे तो लक्षातही राहतो. पहाटेची स्वप्नं खरी होतात ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या टिकली, त्याचं एक कारण इथे असावं: मध्यरात्रीची स्वप्नं आठवतातच कुणाला?

लांबच लांब स्वप्न प्रत्यक्षात क्षणार्धात पडून जातं, असं तेव्हा मानलं जाई. डिमेंट आणि क्लाइटमन यांनी लोकांना रेम सुरू झाल्यावर पाच किंवा पंधरा मिनिटांनी उठवलं आणि स्वप्न किती वेळ चाललं असेल ते विचारलं. १११ पैकी ९२ वेळा उत्तर बरोबर आलं. म्हणजे स्वप्नातला वेळ साधारण घड्याळाच्याच गतीने जातो. एका माणसाचे डोळे नुसते डावीकडून उजवीकडे फिरत होते. उठवल्यावर त्याने सांगितलं, की दोघं जण एकमेकांना टोमॅटो फेकून मारत होते.

यापुढचा धक्का फ्रान्समधून आला. लियाँमध्ये मिशेल झुवे यांना मांजरांवरच्या प्रयोगांत १९५९ मध्ये दिसलं, की या झोपेत मेंदू जागा असल्यासारखा चालतो आणि त्याच वेळी शरीराचे स्नायू पूर्ण ढिले पडतात. त्यांनी तिला ‘विरोधाभासी झोप’ म्हटलं. मेंदूच्या देठाकडून स्नायूंना मिळणारे हुकूम तेवढा वेळ रोखले जातात. म्हणून स्वप्नात धावणारा माणूस खाटेवर पडून राहतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू नंतर सुटतात. मग शुद्ध आहे पण बोट हलत नाही, छातीवर कुणी बसलंय असं वाटतं. भुताखेतांच्या कितीतरी गोष्टींचं मूळ या काही सेकंदांत असू शकतं.

रेम म्हणजेच स्वप्न, हे समीकरण मात्र फार दिवस टिकलं नाही, आणि त्याला पहिला छेद शिकागोतच शिकलेल्या डेव्हिड फोल्क्स यांनी १९६२ मध्ये दिला. उठवल्यावर ‘स्वप्न पडत होतं का’ असं न विचारता ‘मनात काय चाललं होतं’ असं विचारलं, तर रेम नसलेल्या झोपेतूनही बरंच काही बाहेर येतं, असं त्यांना आढळलं. पुढे मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांत रेम शाबूत राहून स्वप्नं बंद झाल्याचंही दिसलं. रेममध्ये स्वप्नं जास्त, लांबलचक आणि चित्रमय असतात, इतपत विधान आजही उभं आहे.

क्लाइटमन यांना याचा फारसा धक्का बसण्याचं कारण नव्हतं. स्वप्न हा मेंदूचा एक ओबडधोबड, खालच्या दर्जाचा विचार आहे आणि त्याचं काही खास कार्य असेलच असं नाही, असं ते १९६० मध्येच म्हणत होते. स्वप्नांपेक्षा दीड तासाच्या त्या चक्राकडे त्यांचं लक्ष होतं. ते चक्र दिवसाही आतल्या आत चालू राहतं, असं त्यांनी मांडलं. त्यावर एकमत अजून झालेलं नाही.

१९६० मध्ये ते निवृत्त झाले. १९६३ मध्ये पुस्तकाची नवी आवृत्ती आली, त्यात चार हजारांवर संदर्भ होते. आजही झोपेच्या तपासणीसाठी इस्पितळात रात्र काढायला गेलेल्या रुग्णाच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला तारा लावतात. मेंदूची नोंद आधीपासून होती, डोळ्यांची शिकागोतून आली, आणि स्नायूंचं महत्त्व झुवे यांच्या मांजरांनी शिकवलं.

१९९५ मध्ये, शंभराव्या वर्षी, क्लाइटमन झोपेच्या संशोधकांच्या अमेरिकेतल्या वार्षिक संमेलनाला हजर राहिले. कारकीर्दीच्या सुरुवातीला ते या विषयावर जवळपास एकटेच होते. आता त्याच्या नावाने संमेलनं भरत होती. ॲसेरिन्स्की जुलै १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात मोटार झाडावर आदळून गेले. क्लाइटमन त्यानंतर वर्षभर जगले. १३ ऑगस्ट १९९९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा ते १०४ वर्षांचे होते.